प्लायवूडची युद्धनौका

माझ्या बायकोला माझ्या बहुतेक सगळ्या चुका तोंडपाठ आहेत. लग्नाच्या दिवशी मला उठवायला दोन माणसं पाठवावी लागली होती, तिथून ती सुरुवात करते आणि पाहुणे असले की चांगली रंगवून सांगते. ही एक मात्र तिला ठाऊक नाही. तिलाच काय — कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही, आणि ओळखीच्या माणसासमोर ऐन वेळी माझं तोंड उघडत नाही, हे आता मला पुरतं कळून चुकलंय.

कुठून सुरुवात करू? जहाजापासून करतो. जहाजाबद्दल बोलणं सोपं आहे.

नव्वदच्या दशकाची ती पहिली-दुसरी वर्षं. मी पुण्याहून बंगळूरला नोकरीला आलो होतो, इंदिरानगरातल्या एका सरकारी डिझाइन ऑफिसात. ऑफिसचं नाव सांगत नाही; रुजू होताना गुप्ततेच्या कागदावर सही केली होती म्हणून नव्हे — लाज वाटते म्हणून. नौदलासाठी पुढच्या पिढीच्या युद्धनौका बांधायच्या होत्या. जहाजं बांधली जाणार होती किनाऱ्यावरच्या गोदीत, पण त्यांच्या पोटातली एक खोली आमच्या वाट्याला आली होती. जिथे बसून रडारचे पडदे बघायचे, हुकूम द्यायचे, लढाई चालवायची — ती खोली. समुद्र इथून कुठल्याही दिशेला तासन्‌तास लांब. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी जहाज फक्त सिनेमात पाहिलं होतं. पण उत्साह विचाराल तर उद्याच नांगर उचलायचाय इतका.

अशी खोली आधी लाकडाची करून बघतात. कागदावर सगळं मावतं हो; माणूस प्रत्यक्ष आत बसला की त्याचे गुडघे कुठे आपटतात ते कळतं. तेव्हा पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात, एका भाड्याच्या शेडमध्ये, आजूबाजूला लेथ घरघरत असताना, आम्ही ती खोली खऱ्या मापाने प्लायवूडची उभी केली. रडारच्या जागी रंगवलेल्या पाट्या, बटणांच्या जागी बाटल्यांची बुचं. आयुधपूजेला सगळ्या पीण्यात यंत्रांना कुंकू लागतं, ते आमच्या प्लायवूडलाही लागलं, आणि त्या दिवसापासून शेडचा पहारेकरी कुणालाही चपला घालून आत सोडेना. नौदलाचे मोठमोठे अधिकारी बूट काढून, मोज्यांवर, युद्धनौकेत शिरायचे. आम्हाला हसू आवरायचं नाही.

या खोलीत माणसाचं आणि यंत्राचं जमतंय का, हे बघायचं काम वत्सलाअक्कांकडे होतं. वय पंचेचाळिशीच्या आसपास. कित्येक पिढ्यांपूर्वी फौजांबरोबर दक्षिणेत उतरलेल्या आणि इथलीच होऊन गेलेल्या मराठी घराण्यातल्या, घर बसवनगुडीला. लग्न केलं नव्हतं, भावाच्या कुटुंबात राहायच्या. सगळं ऑफिस त्यांना अक्काच म्हणायचं, कन्नड, तमिळ, मल्याळी, सगळे. मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी त्यांच्या मराठीची खूप थट्टा करायचो. आमटीला त्या हुळी म्हणायच्या, वाक्याला वाक्य ‘की’ लावायच्या, मध्येच ‘स्वल्प थांब’ म्हणायच्या. त्या म्हणायच्या, “तुझी पुण्याची मराठी लई शुद्ध की. पण जेवायला तर माझ्याच घरी येतोस.” जायचो खरा. दर रविवारी जायचो. परक्या गावात मला पहिली दोन वर्षं कुणी आपलं वाटलं असेल तर ते हे घर, हे आधी सांगून ठेवतो. नंतर सांगायला मला तोंड राहणार नाही.

अक्कांची एक पद्धत होती. खोलीत आग लागली, धूर झाला, दिवे गेले तर माणसं बाहेर कशी पडतील, हे त्या करून बघायच्या. आम्हा सगळ्यांना खुर्च्यांवर बसवायच्या, डोळ्यांना रुमाल बांधायच्या, टाळी वाजवायच्या, आणि आम्ही चाचपडत दाराकडे जायचं. अक्षरशः आंधळी कोशिंबीर. स्वतः साडीचा पदर खोचून, डोळे बांधून सगळ्यांत पुढे. एकदा त्यांनी एका धिप्पाड ड्राफ्ट्समनला मधल्या वाटेत आडवं झोपवलं. म्हणाल्या, हा बेशुद्ध पडलाय, आता निघा. सगळे निघाले. कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा निघेना. त्याच्यामागे यंत्रांचं एक उंच कपाट होतं, पुढे रडारचा पडदा, आणि एकुलत्या वाटेत तो धिप्पाड गडी. तीन-तीनदा केलं. कोपऱ्यातला माणूस प्रत्येक वेळी आतच.

ते कपाट मी तिथे ठेवलं होतं. केबल कमी लागावी म्हणून. मूळ आराखड्यात ते दुसऱ्या भिंतीला होतं. मी हलवलं, सही केली, आणि माझ्या हुशारीवर खूष झालो.

अक्कांनी चारचौघांत काही म्हटलं नाही. संध्याकाळी शेडबाहेर कॉफी घेताना मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यात नौदलवाले येतात नव्हं, तेव्हा तूच सांग. तुझं ड्रॉइंग हाय. आपण होऊन सांगितलं तर मान राहतो की. कुणाचं तरी पोर बसणार हाय त्या कोपऱ्यात.” किती सांभाळून घेतलं होतं त्यांनी मला. मी हो म्हणालो. आणि खरंच सांगणार होतो — निदान त्या संध्याकाळी तरी. माझ्यावर एवढा विश्वास ठेवा.

नाही, ठेवूच नका. मलाही आता खात्री नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच साहेबांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. साहेब म्हणजे आमचे संचालक; दिल्लीहून नुकतेच परतले होते. ते म्हणाले की जहाजांचा कार्यक्रम बंद झाला आहे. ठरलंय, फक्त कागद यायचाय. सरकारच्या तिजोरीत खडखडाट होता, आणि इंजिनं नि हत्यारं ज्या देशातून यायची होती तो देशच नकाशावरून पुसला गेला होता. नौदलाबरोबरची बैठक ठरल्याप्रमाणे होईल, पण ती नावापुरती. हे त्यांनी मला का सांगितलं? कारण एका वेगळ्या, छोट्या कामाचा मसुदा गुपचूप तयार करायचा होता आणि त्या कामाचं प्रमुखपद मला द्यायचं त्यांच्या मनात होतं. कागद येईपर्यंत कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही. मी मान डोलावली.

त्या खोलीतून बाहेर पडताना मला वाईट वाटलं का? वाटलं की. इतक्या लोकांची मेहनत. पण त्याच्या पाठोपाठ, जिना उतरता उतरता, दुसरा एक विचार आला आणि त्याने मला हायसं वाटलं. जहाजच होणार नाही, तर माझ्या कपाटाची चूक त्या पांढऱ्या गणवेशांसमोर मी कशाला कबूल करू? कोपऱ्यात कुणाचंच पोर बसणार नाही आता. मग माझं नाक कशाला कापून घेऊ — तेही नवीन पद मिळायच्या तोंडावर?

अक्कांना मी सांगितलं, मला बोलायला जमणार नाही, तुम्हीच मांडा. तुमचाच विषय आहे. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “सरी,” म्हणाल्या, म्हणजे ‘बरं’. बस, एवढंच.

बैठक शेडमध्येच होती, सगळे मोज्यांवर; अक्का उभ्या राहिल्या. जे पाहिलं ते सरळ सांगितलं, माझं नाव न घेता. ‘मांडणीत एक दोष राहिला आहे’ असं म्हणाल्या — जणू तो आपोआप राहिला. अधिकाऱ्यांपैकी एकाने विचारलं, दुरुस्तीला किती वेळ लागेल. अक्का म्हणाल्या, नीट करायचं तर पाच-सहा महिने, कारण केबलच्या सगळ्या वाटा बदलाव्या लागतील.  आमचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. आधीच उशीर झालेल्या कामात आणखी सहा महिने! साहेब समोरच्या कागदावर रेघोट्या मारत होते. त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मी खाली बघत बसलो. माझ्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलेलं होतं, ते दिसू नये म्हणून पाय खुर्चीखाली घेतला. एवढीच माझी त्या बैठकीतली हालचाल.

मग महिन्याभरात कागद आला. कार्यक्रम रद्द. कारण म्हणून त्यात काय होतं, तर सरकारी कागदात असतं तेच, म्हणजे काहीच नाही.

आता तुम्हीच सांगा, लोक काय समजले असतील? बैठक झाली, अक्कांनी खोट काढली, सहा महिने मागितले, नौदलवाले गंभीर चेहऱ्याने गेले, आणि महिन्याभरात सगळं बंद. दोन अधिक दोन कुणीही करेल. कॅन्टीनमध्ये पहिल्यांदा कोण म्हणालं ते आठवत नाही, पण संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच — अक्कांनी जहाज बुडवलं. आधी थट्टेत. मग कंत्राटावरच्या लोकांना निरोप मिळायला लागले, सुतार गेले, ड्राफ्ट्समन गेले, आणि थट्टा संपली. ज्याला अक्कांनी वाटेत झोपवलं होतं तो धिप्पाड ड्राफ्ट्समन जाताना सगळ्यांच्या पाया पडला, त्यांच्या टेबलाला मात्र वळसा घालून गेला. त्याची बायको गरोदर होती. अक्कांनी तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता, तो तसाच सुयांवर राहिला.

गुप्ततेचं बंधन आता उरलं नव्हतं. कागद आलेला होता. मी कॅन्टीनमधल्या बाकावर उभं राहून ओरडून सांगू शकलो असतो की बाबांनो, बैठकीच्या आधीच सगळं संपलं होतं, ह्या बाईचा काडीचा संबंध नाही. ओरडायचीही गरज नव्हती, नेहमीच्या आवाजात एका माणसाला सांगितलं असतं तरी पसरलं असतं. पण मग लोकांनी विचारलं असतं — तुला आधी कळलं होतं? तरी तिला उभं राहू दिलंस? आणि ते कपाट मुळात कुणाचं? अक्कांच्या नावाने जोवर बोटं मोडली जात होती, तोवर माझ्या कपाटाबद्दल कुणी ब्र काढत नव्हतं. मला नवीन पद मिळालं. खुर्ची गोल फिरणारी होती.

हीच ती चूक, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. गप्प बसलो, हा माझा गुन्हा, असं मी स्वतःला सांगायचो. गप्प बसणं तसं सभ्य पाप आहे. पुष्कळ चांगली माणसं करतात. पण मी गप्प बसलेलो नव्हतो — ते मला सांगायचंय, आणि इथवर आलो तरी ते जिभेवर येत नाही.

एकदा ऑफिस सुटल्यावर आम्ही दोघं बसची वाट बघत उभे होतो. तेव्हा अक्कांनी स्वतःहून लायब्ररीत बदली मागून घेतली होती. ज्या बाईने आयुष्यभर माणसाचा हात कुठवर पोचतो, डोळा कुठे थकतो याचा अभ्यास केला, ती आता मासिकांवर शिक्के मारत होती. त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “मी त्या दिवशी बोलले नसते, तर जहाजाचं काम चाललं असतं का रे?” किती साधा प्रश्न. एका शब्दाचं उत्तर होतं. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “जाऊ द्या अक्का. झालं ते झालं. तुमचा हेतू चांगला होता.”

ऐकलंत ना? हेतू चांगला होता! म्हणजे कृत्य तुमचंच. जे त्यांनी केलंच नव्हतं, त्याबद्दल मी त्यांना मोठ्या मनाने माफी देऊन टाकली. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तू तरी समजून घेतलंस.” त्यांची बस आली. मी त्यांना चढताना आधार दिला.

पुढे त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. मी रविवारी जाणं कमी केलं, मग सणासुदीला, मग वर्षातून एकदा. त्या कधी रागावल्या नाहीत. लग्नानंतर बायकोला घेऊन गेलो तर तिला पोटभर चिरोटे वाढले, वर माझी तारीफ केली.

अजून एकच सांगायचंय, मग संपलं.

त्या दशकाच्या अखेरीस, एका गौरीच्या सणाला, मी बसवनगुडीला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. अक्कांच्या भावाची मुलगी, स्मिता, नुकतीच इंजिनियर झाली होती आणि पीण्यातल्याच एका कारखान्यात लागली होती. बसच्या ब्रेकचे भाग बनवायचे तिथे. पोरगी पानावर गप्प गप्प होती. अक्कांनी खोदून विचारलं तेव्हा बोलायला लागली. एक भाग तापला की तडकतो, असं तिच्या चाचणीत दिसत होतं. सगळे नाही, काही. माल पाठवायची घाई होती, मोठी ऑर्डर होती, वरच्यांना अजून कळलेलं नव्हतं. सांगावं की नाही, हा तिचा प्रश्न. खरं तर तिचं ठरलेलं होतं, सांगणारच होती. तिला फक्त आत्याने पाठ थोपटायला हवी होती. ज्या आत्याकडे बघून ती इंजिनियर झाली, त्या आत्याने.

अक्का म्हणाल्या, “नको सांगूस.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण त्या शांतपणे पुढे बोलत राहिल्या. मी असंच एकदा सांगितलं होतं, म्हणाल्या. बरोबर तेच सांगितलं होतं. पण त्या बरोबर सांगण्यापायी किती लोकांच्या ताटातला घास गेला, ते तुला ठावं नाही. आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघावं. सगळं खरं बोलायचं नसतं बाळा. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ह्याला विचार. हा होता की तिथं. साऱ्या ऑफिसनं मला बोल लावला, ह्या एकट्यानं कधी नाही.”

स्मिताने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आशा होती, हे मी आज शपथेवर सांगेन. मी काहीतरी वेगळं सांगेन, अशी आशा. “खरंच का काका?” तिने विचारलं. “आत्या बोलली म्हणून ते सगळं बंद पडलं?”

आता कुणाला भ्यायचं कारण होतं? साहेब निवृत्त होऊन गावी गेले होते. ते ऑफिस मी केव्हाच सोडलं होतं. माझ्या कपाटाचं आता कुणाला काही पडलेलं नव्हतं. समोर एक म्हातारी होत चाललेली बाई, एक पोरगी, आणि केळीच्या पानावर वाफाळता भात. खरं बोलून माझं काय गेलं असतं? अक्कांच्या नजरेतली माझी किंमत, एवढंच. तेवढंच मला जपायचं होतं.

मी म्हणालो, “हो. खरं आहे.”

 स्मिता “सरी” म्हणाली आणि जेवायला लागली. अक्कांनी मला आग्रहाने आणखी भात वाढला, वर हुळी वाढली. मी सगळं खाल्लं, पान लख्ख केलं.

त्या ब्रेकचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. तिने सांगितलं की नाही, कधी विचारलं नाही. विचारायला एक फोन पुरला असता. अक्का त्यानंतर काही वर्षांनी गेल्या. जहाज आपणच बुडवलं, असं समजून गेल्या.